चुन्याची निवळी आणि काचेतला समुद्र

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारल्याचं आठवतं? निवळी दुधासारखी पांढरी व्हायची. रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून हा प्रयोग मी तीस वर्षं करून दाखवला. पण हीच निवळी काचेच्या टाकीत प्रवाळ जगवते, हे मला फार उशिरा कळलं.

गोष्ट सुरू होते १८४६ साली. अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. समुद्र लांब राहिला. रोज ताजं पाणी आणणार कुठून? मग त्यांच्याकडची एक लहान मोलकरीण उघड्या खिडकीसमोर तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसे. आपण गरम दूध निववतो ना, तसं! अर्धा-पाऊण तास हे चाले. त्यामुळे हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळे. पुढच्या वर्षी बाईंनी भांड्यात समुद्रशैवाल ठेवलं आणि ते काम पुष्कळसं शैवालावर सोपवलं. ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतीही गॉस यांनी दिली. पण पाणी तयार करणं निराळं आणि ते टिकवणं निराळं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत खडक, ऊन आणि हवेचे बुडबुडे, एवढंच. खडकाच्या छिद्रांतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि खोल, प्राणवायू नसलेल्या भागातले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात.

तरीही एक प्रश्न उरला. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन आपला सांगाडा बांधतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये कॅल्शियम असतं सुमारे ४०० मिलिग्रॅम. महासागराला ही उचल जाणवत नाही; टाकीतलं भांडवल मात्र हळूहळू संपतं. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी जर्मनीतल्या हौशी मंडळींत यावरचा उपाय रूढ केला. बाष्पीभवनाने जितकं पाणी उडेल, तितकी चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायची. त्यातून कॅल्शियम मिळतं, आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊन बायकार्बोनेटही तयार होतं. घाई मात्र करायची नाही. एकदम ओतली, तर पीएच भसकन चढतो आणि जीव जातो.

घाईची नाही, पण अज्ञानाची किंमत मीही मोजली आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी एका टाकीत समुद्रफूल पाळलं होतं. पाणी कमी झालं की मी समुद्राचंच पाणी घालायचो. समुद्रातला जीव, तेव्हा समुद्राचं पाणी, इतका साधा हिशोब! पण वाफ होते ती पाण्याची; मीठ मागेच राहतं. काही आठवड्यांत खारटपणा वाढला, समुद्रफूल आक्रसलं आणि मेलं. त्याच आठवड्यात मी वर्गात मिठागरं शिकवत होतो. घालायला हवं होतं ते गोडं पाणी.

आता त्या शालेय प्रयोगाचा उत्तरार्ध. निवळी पांढरी झाल्यावरही फुंकत राहिलात, तर ती पुन्हा स्वच्छ होते. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे साका विरघळतो. आज आपण सगळे मिळून महासागरात तीच फुंकर मारत आहोत. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ०.१ ने उतरला आहे. आकडा लहान दिसतो. पण प्रवाळाला सांगाडा बांधणं त्यामुळे जड होत जातं. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. ते उपटून घरी आणता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

टाकीचं पाणी बिघडलं, तर बदलता येतं. मालवणचा समुद्र बदलायला दुसरं पाणी आपण कुठून आणणार?