रात्री दहाच्या आत ‘सवाई’ बसवायचा कसा?

डिसेंबरच्या दुपारी स्वारगेटला उतरून मुकुंदनगरची रिक्षा शोधणारी माणसं वाढली की समजायचं, सवाई सुरू झालाय. २०१८ मध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव रमणबागेतून इथल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात आला. कोण कधी गाणार हे रसिकांना पाठ असतं. कार्यक्रम आखणाऱ्यांचं आणि साऊंडवाल्यांचं लक्ष मात्र घड्याळाकडे असतं.

पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. तेव्हा मैफली रात्रभर चालायच्या. पुढे ध्वनिप्रदूषण नियम, २००० आले आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवण्यावर शिक्कामोर्तब केलं. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. पण ते १५ दिवस गणपती, नवरात्र अशा सगळ्यांत वाटले जातात. सवाईच्या वाट्याला सहसा फक्त शनिवार येतो. म्हणून मैफली दुपारीच सुरू कराव्या लागतात आणि मध्यरात्रीचा मालकंस किंवा दरबारी त्याच्या वेळेला ऐकणं अवघड होऊन बसतं.

१९३९ पासून भरणाऱ्या ‘वर्ल्डकॉन’ या सायन्स फिक्शन संमेलनात एकाच वेळी अनेक हॉलमध्ये कार्यक्रम चालतात. एका हॉलमध्ये उशीर झाला तरी बाकीचे वेळेत सुरू राहतात. सवाईचं स्टेज एकच. दुपारच्या दोन कलाकारांनी प्रत्येकी १५ मिनिटं जास्त घेतली, तर शेवटच्या कलाकाराचा अर्धा तास गेला. आणि शेवटी बसतात ते साधारणपणे सर्वांत ज्येष्ठ!

खरी वेळ खाते ती दोन मैफलींमधली अदलाबदल. आधी काळी एकमध्ये गाणारे गायक असतील आणि नंतर काळी चारवाल्या गायिका, तर तानपुरे, तबला सगळंच बदलतं. सतार किंवा संतूर असेल तर माइकची जागाही वेगळी. म्हणून वाद्यं आतच जुळवून आणायची. तरी संध्याकाळी गारठा पडला की तारा हलतात आणि स्टेजवर पुन्हा जुळवाजुळव होतेच. त्याला इलाज नाही.

मोठ्या मांडवात आणखी एक भानगड असते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ६८ मीटर मागे बसलेल्याला स्टेजवरचा आवाज ०.२ सेकंद उशिरा पोचतो. तिथल्या स्पीकरमधून मात्र तो तारेवरून लगेच येतो, आणि एकच तान दोनदा ऐकू येते. त्यामुळे मागच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. तो नुसता वाढवूनही भागत नाही, कारण बाजूला वस्ती आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज परिसरातल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे हिशेब ६५ वरच थांबतो.

साडेनऊला शेवटच्या कलाकाराचा विलंबित ख्याल रंगात आलेला असतो, तेव्हा विंगेतून कुणीतरी हळूच वेळ सांगतं. द्रुत बंदिश आणि भैरवीसाठी उरलेली असतात ३० मिनिटं.