‘स्वीटमीट’मधले ‘मीट’

जुन्या इंग्रजी पुस्तकांत आपल्या पेढे-बर्फीला ‘स्वीटमीट’ म्हटलेले आढळते. नैवेद्याच्या ताटात ‘मीट’ कुठून आले, म्हणून आपण दचकतो. पण प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ कोणतेही अन्न असाच होता. १६११च्या इंग्रजी बायबलातही ईश्वर माणसाला वनस्पती आणि फळे ‘मीट’ म्हणूनच देतो. पुढे हा अर्थ आकसून मांसापुरता उरला. मिठाईच्या नावात मात्र जुना अर्थ टिकून राहिला.

नाताळच्या ‘मिन्स पाय’चे उलट झाले. पूर्वी त्यात खरोखरच मांस असे. आता सारण सुक्या मेव्याचे आणि सफरचंदाचे, तरी त्याचे नाव ‘मिन्समीट’च. ‘प्लम पुडिंग’मधले ‘प्लम’ म्हणजेही मनुका-बेदाणेच.

आपल्याकडेही तेल हे मुळात तिळाचे. आज शेंगदाण्याचेही तेलच.

खाण्याच्या नावांत असा इतिहास साठलेला असतो. म्हणून इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवंडांना आपण मोदक ‘स्वीट डम्पलिंग’ म्हणून सांगू नये. त्यातून आकार कळतो, पण ‘मोद’ म्हणजे आनंद, तो हरवतो. मोदकाला इंग्रजीतही मोदकच म्हणू या.