गडावरील दारूखाना

गडाच्या सामर्थ्याचा विचार निघाला, की आपल्या मनश्चक्षूंपुढे प्रथम उभी राहते ती तोफ; आणि तोफ जितकी अवजड तितका गड दुर्भेद्य, असा समज इतिहासप्रेमी मंडळींतही रूढ झालेला आढळतो. विजापूरच्या बुरुजावरील मलिक-ए-मैदान ही १५४९ साली अहमदनगरास ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची तोफ पाहून विस्मय वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु असले धूड सह्याद्रीच्या कड्यांवर चढविणे दुष्कर, आणि चढविलेच तरी ते फिरवावयास तेथे मोकळी जागा कोठून आणावी? डोंगरी राज्यास प्रसंगी उपयोगी पडेल अशी शस्त्रसिद्धता कोणती, याचे माझ्या मते सर्वांत विचारपूर्ण उत्तर अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिल्या गेलेल्या आज्ञापत्र या राजनीतिपर ग्रंथाच्या दुर्गप्रकरणात सापडते.

त्याचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य केवळ दफ्तरात बसून लिहिणारे मुत्सद्दी नव्हते. राजाराम महाराज जिंजीस गेल्यावर हुकूमतपन्हा म्हणून महाराष्ट्राचा कारभार त्यांनी सांभाळला होता, आणि औरंगजेबाने एकामागून एक गडांस घातलेले वेढे त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले होते. त्याआधीची आठवणही राज्यात ताजी असणारच : १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी विजापूरकरांच्या सिद्दी जौहरास उखळी तोफेचे गोळे पुरविले, म्हणून पुढल्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर मारून त्यांची वखार लुटली. तोफा व गोळे टोपीकरांकडून मिळवावे लागत असताना, जे हाती आहे ते ऐन वेळी दगा देणार नाही, एवढी तजवीज करणे हीच खरी दूरदृष्टी होती.

म्हणूनच अमात्यांची लेखणी दारूखान्यापाशी विशेष रेंगाळते. तो वस्तीस लागून नसावा, सदरेपासून अंतरावर असावा, त्याच्या सभोवार निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. आत गच्ची केलेले तळघर, त्यात लाकडी माच आणि माचावर दारूची मडकी. बाण व हुक्के मधल्या घरात. सोरा शुद्ध नसेल तर हवेतील ओल चटकन शोषून घेतो, आणि ओलसर दारू म्हणजे बंदुकीच्या नळीत भरलेली मातीच. यास्तव हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी जातीने येऊन सर्व माल बाहेर काढवावा, त्यास ऊन द्यावे, आणि पुन्हा मुद्रा करून बंद करावा, असा दंडक आहे. तेथे अहोरात्र पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणीही आसपास फिरकू नये, हेही ओघाने आलेच. पावसाळ्यात तोफांस तेल व मेण द्यावे, त्यांचे काने (बत्ती देण्याची छिद्रे) मेणाने गच्च भरावे व वर झोल्या घालाव्यात, इतक्या बारकाव्यात हा राज्यकर्ता उतरतो. तोफेजवळ गज, कुंचे, जामग्या आणि काने साफ करावयाच्या सळ्या हाताशी हव्यात, कारण शत्रू तटाखाली आल्यावर त्यांचा शोध घेत कोण हिंडणार? पाण्याच्या टाक्यांविषयीही त्याच प्रकरणात तितकीच कळकळ आहे. ज्या गडावर पाणी नाही, तेथे कोरडी दारू असून काय उपयोग?

माझ्या दृष्टीने या ग्रंथाचे मोठेपण या कोरड्या वाटणाऱ्या तपशिलातच आहे. पराक्रमाच्या बखरी आपल्याकडे अनेक आहेत. परंतु दर पंधरवड्यास दारू उन्हात घालणाऱ्या हवालदाराची नोंद घेणारा राज्यकर्ता विरळा. युद्धाची वार्ताही नसताना जो माणूस हे काम चुकवीत नव्हता, त्याच्या भरवशावर गडावरची शिबंदी तटावर उभी राहत होती, आणि आपण मात्र त्याला आपल्या इतिहासात जागा दिलेली नाही.

रायगडावर बारा टाक्यांच्या परिसरात, राजवाड्यापासून दूर, दारूकोठाराच्या जाड भिंती आजही उभ्या आहेत. गड पाहावयास जाणाऱ्यांनी तोफांवरून हात फिरवून परतू नये; तेथवर जावे, आणि ते कोठार एवढ्या लांब का बांधले असेल, याचा विचार तेथे उभे राहूनच करावा.