वैमानिकाचे तास कसे मोजतात? को-पायलट ते कप्तान या वाटेचा हिशेब

सातारा-सांगलीकडच्या शाळांत "मोठेपणी काय होणार?" असं विचारलं की डॉक्टर, इंजिनिअरसोबत आता "पायलट" म्हणून एखादा हात वर येतो. मुलींचाही येतो. पालकांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. दुसरा प्रश्न फार कमी जण विचारतात : लायसन्स हातात आल्यावर कप्तान होईपर्यंतचे तास कुठून येतात? हा हिशेब आधीच समजून घेतला तर पैसाही वाचतो आणि फसवणूकही टळते.

दोन लायसन्स, दोन आकडे

पहिलं लायसन्स म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, सीपीएल. भारतात त्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास मुलाने स्वतः विमानाचा प्रमुख, म्हणजे पायलट-इन-कमांड म्हणून उडवलेले असावे लागतात. आपल्याकडून जवळ म्हणजे बारामती, तिथे हे शिक्षण मिळतं.

दुसरं म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स, एटीपीएल. प्रवासी कंपनीच्या मोठ्या विमानाचा कप्तान व्हायला ते लागतं. त्यासाठी किमान वय २१ वर्षे आणि किमान १,५०० तास.

मधले १,३०० तास पैसे भरून विकत घ्यायचे का? नाही. ते बहुतेक करून नोकरीतच, को-पायलटच्या खुर्चीत बसून जमतात.

दोघांच्या कॉकपिटमधला तास

कोल्हापूरहून उडणारं एटीआर असो की मुंबईहून उडणारं एअरबस, या विमानांना दोन वैमानिक लागतातच. उड्डाणाची वेळ विमान उड्डाणासाठी जागेवरून हललं तिथपासून, प्रवास संपवून पूर्ण थांबेपर्यंत मोजतात. समजा हे दोन तास झाले. मग कप्तानाच्या नावावर दोन तास प्रमुख म्हणून आणि को-पायलटच्या नावावर दोन तास को-पायलट म्हणून लिहिले जातात. अर्धे-अर्धे वाटत नाहीत. त्या दिवशी विमान कोणी हाताळलं आणि लक्ष कोणी ठेवलं, यानेही फरक पडत नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, हिचा नियम असा : ज्या विमानाला को-पायलट आवश्यक आहे, त्यातले को-पायलटचे तास वरच्या लायसन्सच्या एकूण तासांत पूर्ण धरावेत.

मात्र एकूण तास वेगळे आणि प्रमुखाचे तास वेगळे. गोंधळ होतो तो इथेच.

प्रमुखाच्या तासांचं काय?

को-पायलट प्रमुख नसतो. म्हणून तिसरा प्रकार आहे : देखरेखीखालचा प्रमुख. कप्तान शेजारी बसून लक्ष ठेवतो आणि प्रमुखाची सगळी कामं को-पायलट करतो. देखरेखीची ही पद्धत लायसन्स देणाऱ्या यंत्रणेला मान्य असावी लागते. कप्तानाच्या सहीशिवाय अशा नोंदीला किंमत नाही.

आयकाओच्या नियमात १,५०० तासांपैकी हे तास हवेत :

- प्रमुख म्हणून २५० तास. किंवा किमान ७० तास प्रमुख म्हणून आणि उरलेले देखरेखीखाली. किंवा देखरेखीखालचे ५०० तास
- एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणारं उड्डाण २०० तास
- रात्रीचं उड्डाण १०० तास
- उपकरणांच्या आधारे उड्डाण ७५ तास

भारतात अर्ज करताना मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, त्या वेळी लागू असलेले आकडेच चालतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी डीजीसीएच्या नियमांतलं एटीपीएलचं कलम मुलाने स्वतः वाचावं. एजंटच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

एक उदाहरण

मिरजेची एक मुलगी २०० तासांवर सीपीएल घेते, असं समजू. त्यात प्रमुखाचे १०० तास आहेत. तिला नोकरी लागली आणि वर्षाला ७०० तास उड्डाण मिळालं. डीजीसीएच्या नियमाने वर्षाला १,००० तासांच्या वर उडताच येत नाही. या वेगाने उरलेले १,३०० तास दोन वर्षांच्या आतच भरतात. त्यातले १५० तास देखरेखीखालचे असतील, तर आयकाओच्या मापाने प्रमुखाचे २५० तासही पुरे होतात. परीक्षा, मेडिकल आणि कंपनीची निवड या पायऱ्या पुढे आहेतच.

काय धरलं जात नाही

शिकाऊ सेसना विमानात मित्र शेजारी बसला म्हणून ते दोन वैमानिकांचं उड्डाण होत नाही. ते विमान एकट्यानेच उडवण्याचं आहे. शेजारच्याच्या नावावर काहीच चढत नाही. सिम्युलेटरचे तासही वेगळे लिहायचे. आयकाओच्या नियमात १,५०० पैकी जास्तीत जास्त १०० तासच असे चालतात.

परदेशात जायचं असेल तर

युरोपच्या नियमात १,५०० पैकी ५०० तास दोन वैमानिकांच्या कामकाजातले असावेच लागतात. लहान विमानावर एकट्याने कितीही तास केले तरी ही अट भरत नाही. म्हणून बाहेर जाण्याचा विचार असेल तर प्रत्येक प्रकारचे तास पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

लॉगबुक ही अमानत आहे

सीपीएलनंतर नोकरी लगेच मिळेलच असं नाही. घरावर कर्ज असतं, मुलगा घरी बसलेला असतो. अशा वेळी "तास लिहून देतो" म्हणणारे भेटतात. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर एटीपीएल मिळवल्याची प्रकरणं देशात उघड झाली. पायलटांना अटक झाली, लायसन्स गेली. राजस्थानात न उडवलेले तास नोंदवल्याचीही प्रकरणं पुढे आली.

कागदावरचा खोटा तास एक दिवस पावसात, अंधारात, शे-दीडशे माणसं मागे बसलेली असताना उघडा पडतो. आई-वडिलांनी मुलाला "किती तास झाले?" एवढंच विचारू नये. "कोणत्या रकान्यात किती झाले आणि सही कोणाची आहे?" हेही विचारावं. लॉगबुक अधूनमधून समोर ठेवून बघावं, शाळेचं प्रगतिपुस्तक बघतो तसं.