आराखड्यात नसलेले माहेर

भिलाईचे नाव निघाले की पोलाद आठवते. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रांतोप्रांतीची कुटुंबे येथील सेक्टरांत राहावयास आली. त्यांत मराठीही होती. शाळा, बाजार, सेक्टर नऊचे रुग्णालय, सारे आराखड्यात होते. नव्हते ते माहेर.

आपल्याकडे ओली बाळंतीण सव्वा महिना आईच्या नजरेखाली असे. शेकशेगडी, डिंकाचे लाडू हे तर होतेच; पण पोरगी जेवत नाही, बाळाला जवळ घेत नाही, हे प्रथम दिसे ते त्या नजरेला. दूरच्या क्वार्टरात हे पाहणार कोण?

तथापि माहेरचे गोडवे गाऊन प्रश्न सुटत नाही. गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांत नैराश्य आढळले. दारिद्र्य, पतीकडून मारहाण आणि मुलगा हवा असता मुलगी होणे, ही त्यामागची काही कारणे. पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवून दिले की अशा मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने व उंचीने मागे पडतात. अंगणवाडीच्या काट्यावर उतरलेले वजन आपण नोंदतो. आईचे मन मात्र कोणत्याही रकान्यात बसत नाही.

उपाय छत्तीसगडच्याच मातीत आहे. येथे 'मितान' बदणे म्हणजे विधिपूर्वक जन्माची मैत्री जोडणे. त्यावरून २००२ साली राज्याने गावोगावच्या आरोग्य कार्यकर्तीला 'मितानिन' हे नाव दिले. पुढे शहरी वस्त्यांतही मितानिनी आल्या. २००५ नंतर देशभर नेमलेल्या 'आशा' याच वाटेने आल्या. २०११ पासून नवजात बाळासाठी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरभेटी ठरवून दिल्या आहेत. म्हणजे दार उघडलेले आहे. प्रश्न तेवढा विचारायचा आहे.

पहिल्या पंधरवड्यातले रडू बहुधा आपोआप ओसरते. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळ झोपले असताही झोप येईना, बाळाविषयी ओढ वाटेना, तर तो आळस नव्हे, आजार आहे. जीव द्यावासा वाटतो असे ती म्हणाली, तर तिला एकटी न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांकही आहे.

साध्या कार्यकर्तीला हे जमेल काय? रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अशाच आरोग्यसेविकांना शिकवून पाहिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सहा महिन्यांनी त्यांच्या मातांत नैराश्य २३ टक्के, तर इतरांत ५३ टक्के होते.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडू नये. आई आणि मूल ही एकच नोंद आहे, हे कायद्याला कळले. आता ते घरभेटीच्या नोंदवहीला कळावे. आपल्यापैकी अनेकांच्या सुना-लेकी आज परमुलखात बाळंत होतात. फोनवर बाळाचे वजन विचारून झाल्यावर एवढे जरूर विचारावे, "आणि तू कशी आहेस, बाळ?"