वहीतली ओळ आणि तक्त्यातला रकाना

मेहरूण तलावाला रोज फेरी मारणारे तुमच्यापैकी अनेक जण घरी शुगर तपासून आकडा वहीत लिहितात. ‘सोमवार, उपाशीपोटी 142, रात्री लग्नाचं जेवण.’ आता घरातली मुलं ही वही एक्सेलमध्ये भरून देतात. चांगली गोष्ट आहे. पण ओळींचा तक्ता करताना काय हाती लागतं आणि काय हरवतं, हे इतिहासातून समजून घ्या.

लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जायची. लोक ती वाचून टाकून देत. जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्याने अनेक वर्षांच्या याद्या जमवून त्यांचे तक्ते केले आणि 1662 मध्ये पुस्तक काढलं. जन्मलेल्या शंभरातली सुमारे 36 मुलं सहा वर्षांची होण्याआधीच दगावतात, असा अंदाज त्याने त्यातून बांधला. सुट्या याद्यांमध्ये हे कोणालाच दिसलं नव्हतं.

आपल्याकडे इंग्रजी अमलात गावचे कामगार जन्म-मृत्यूची नोंद ठेवत. ती तालुक्याला, जिल्ह्याला आणि पुढे मुंबई इलाख्याच्या आरोग्य अहवालात आकडा बनून जाई. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा तक्त्यातही दोन ओळी झाल्या. पण मृत्यूच्या कारणासाठी रकाने मोजकेच होते आणि नोंदणारा डॉक्टर नव्हता. हिवताप असो वा विषमज्वर, बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच रकान्यात जात. 1918 च्या इन्फ्लुएंझाचे बरेच बळीही तिथेच गेले. म्हणून त्या साथीचे भारतातले मृत्यू आजही अंदाजानेच सांगावे लागतात. रकाना चुकला की आजार लपतो.

संगणक आल्यावर हा धोका संपला का? नाही. 2020 मध्ये इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांकडून कोरोनाचे अहवाल सीएसव्ही फाइलमध्ये येत. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूरच, फक्त प्रत्येक रकान्यानंतर स्वल्पविराम. त्या फाइल एक्सेलच्या जुन्या प्रकारात ओतल्या गेल्या. त्यात जेमतेम 65 हजार ओळी मावतात, पुढच्या गळाल्या. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर दरम्यानचे 15,841 रुग्ण मोजणीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला.

म्हणून तुमच्या वहीचा तक्ता करताना एवढं पाळा:

• एका तपासणीला एक ओळ. रकाने पाच: तारीख, वेळ, उपाशी की जेवणानंतर, आकडा, शेरा.
• तारीख 2024-04-03 अशी, वर्ष आधी. 03/04 लिहिलं तर 3 एप्रिल की 4 मार्च, हे संगणक स्वतःच ठरवतो.
• आकड्याच्या रकान्यात फक्त आकडा. तपासलं नसेल तर रकाना मोकळा सोडा, शून्य लिहू नका.
• सीएसव्ही हाताने टाइप करत असाल, तर शेऱ्यातला ‘वरण, भात’ दुहेरी अवतरणचिन्हात घाला, नाहीतर भात पुढच्या रकान्यात जाईल.
• मराठी अक्षरं बिघडू नयेत म्हणून फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन करा.
• शेवटी वहीतल्या आणि तक्त्यातल्या नोंदी मोजून पाहा. संख्या जुळलीच पाहिजे.

तपासणीला येताना तक्ता आणा, पण वहीही आणा. 142 कशामुळे झाले, ते कळल्याशिवाय गोळी वाढवणं योग्य नाही. ते उत्तर बहुतेक वेळा त्या लग्नाच्या जेवणात सापडतं.