‘भामटा’ या शब्दामागची माणसे

‘भामटा’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! वजनात मारणारा दुकानदार भामटा, दुप्पट भाडे सांगणारा रिक्षावाला भामटा. पण मुळात हे एका जमातीचे नाव आहे. महाराष्ट्र सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीतल्या 14 नावांत ते आजही आहे. बेरड, रामोशी, कैकाडी, कंजारभाट, पारधी, वडार, बंजारा ही त्याची शेजारची नावे. विमुक्त म्हणजे सोडलेले. कशातून सोडलेले, हे मात्र आपल्याला शाळेत कुणी शिकवले नाही.

ब्रिटिश सरकारने 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद असा की, हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार. गुन्हा रक्तातून येतो ही कल्पना त्या काळी युरोपातही मान्यता पावत होती, पण इथे ती पटवायला दाखला आपल्या जातिव्यवस्थेचाच मिळाला. सारा दोष साहेबाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येत नाही, ते यासाठी.

कायद्याच्या अंमलात एखादी जमात ‘गुन्हेगार’ ठरवली की त्या निर्णयाला कोर्टात आव्हान नव्हते. नावनोंदणी सक्तीची. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर परवान्याशिवाय सापडला तर वॉरंटाविना अटक, आणि ती पोलीसच काय, गावचा चौकीदारही करू शकत असे. 1897 च्या दुरुस्तीने चार वर्षांच्या पोरालाही आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची सोय झाली. 1911 साली कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापूर, हुबळी, विजापूर इथे वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या वसाहतीतली माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरीला परत येत. तिथल्या लोकांच्या तोंडी ‘सेटलमेंट’ हे नाव अजून आहे.

या यादीतली माणसे आधी करत काय होती? रामोशी गावाची आणि गडकिल्ल्यांची राखण करत. त्यांच्या भरवशावर गाव निर्धास्त झोपे. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहून नेत. फौजांना रसद त्यांचीच. पुढे रेल्वे आली, संस्थाने खालसा झाली, जंगलावर सरकारी पहारा बसला आणि हातचे काम गेले. भटकणाऱ्याला ना सातबारा, ना पत्ता. सारा वसूल करणाऱ्या सरकारला असा माणूस संशयितच वाटणार. आणि गाववाल्यांना? त्यांनाही वेशीबाहेरचे पाल कधी आपले वाटले नव्हते.

1949 च्या सुमारास 127 जमाती आणि जवळजवळ 23 लाख माणसे या कायद्याखाली होती. देश स्वतंत्र झाला तरी यांना पाच वर्षे थांबावे लागले. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला. म्हणून हा दिवस ते विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्याची जागा मात्र निरनिराळ्या राज्यांतल्या सराईत गुन्हेगार कायद्यांनी घेतली. नोंदवह्या बदलल्या, नजर तीच राहिली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्या नजरेबद्दल वेगळे सांगायला नको.

आपल्या बडोद्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. फेब्रुवारी 1998 मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर हा तरुण पोलीस कोठडीत मारला गेला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, लक्ष्मण गायकवाड आणि तेव्हा बडोद्यात असलेले गणेश देवी यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारली. अहमदाबादच्या छारानगरात छारा तरुणांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसवले; त्यांच्या नाट्यसंस्थेचे नावच ‘बुधन थिएटर’ आहे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक होता कामा नये, असे त्याच निकालात पोलिसांना बजावावे लागले.